मुदपाकखान्यातले बंधू लॉरेन्स

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र असावे असा आपला प्रघात आहे. यंदा ते काम चिटणीसबाईंनी माझ्यावर टाकले. मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, त्यानंतर लेखणी धरली ती किराणाची यादी नि दुधाचा हिशेब लिहिण्यापुरती. पण त्यांनी ऐकले नाही. मग कोणाचे चरित्र लिहावे हा प्रश्न पडला. राण्यांची, पंडितांची, देशभक्तांची चरित्रे लिहिणारे पुष्कळ आहेत. मला एका स्वयंपाक्याचे लिहावेसे वाटले. तसे वाटण्याला कारण घडले, ते आधी सांगते.

दोन वर्षांमागे एका समारंभात सत्तर-ऐंशी पानांचा स्वयंपाक आम्ही चौघी-पाचजणींनी मिळून केला. पहाटे चारला चुली पेटवल्या त्या दुपारी दोनला विझवल्या. शेवटी आभाराचे भाषण झाले. मंडपवाल्याचे आभार मानले, ध्वनिक्षेपकवाल्याचे मानले, हारफुले देणाऱ्याचे मानले. मागच्या बाजूला कढया घासत उभ्या असलेल्या आम्हा बायकांचे नाव कोणी घेतले नाही. मुद्दाम कोणी केले नसेल, राहून गेले असेल. पण मला ते लागले. घरी येऊन मी दोन दिवस कोणाशी धड बोलले नाही. नाव पाहिजे होते का मला, असे मनाला विचारले, तर मन नाही म्हणेना नि होय म्हणायची लाज वाटे.

आमच्या सासूबाईंनी ते ओळखले. त्या काही बोलल्या नाहीत. कपाटातून एक बारीकसे जुने इंग्रजी पुस्तक काढून त्यांनी माझ्या मुलीच्या हाती दिले आणि आईला याचा अर्थ सांग म्हणाल्या. रात्री जेवणे झाल्यावर मुलगी वाची नि मराठीत सांगे, मी भांडी आवरता आवरता ऐके. पुढे आमच्या पाळकसाहेबांना विचारून आणखी माहिती घेतली. ती ही हकीकत.

फ्रान्स देशाच्या पूर्वेला लोरेन म्हणून प्रांत आहे. त्या काळी ते वेगळे संस्थान होते, त्याचा स्वतंत्र सरदार होता. तेथे ल्युनेव्हिल गावाजवळ एरिमेनिल नावाच्या खेड्यात सुमारे १६१४ साली एका गरीब, भाविक कुटुंबात एक मुलगा जन्माला आला. त्याचे नाव निकोलस हर्मन. शाळा फारशी झाली नाही. त्याच्या लहानपणीच, १६१८ साली, युरोपात मोठे युद्ध पेटले. ते तीस वर्षे चालले, म्हणून त्याला तीस वर्षांचे युद्धच म्हणतात. लोरेनचे हाल त्यात फार झाले. आज या राजाचे शिपाई गाव लुटीत, उद्या त्या राजाचे. मागोमाग दुष्काळ नि रोगराई. त्याच प्रांतातल्या जाक कालो नावाच्या चित्रकाराने १६३३ साली या युद्धाच्या यातनांची चित्रे कोरली, ती आजही प्रसिद्ध आहेत. माझ्या मुलीने ती मला दाखविली. एका झाडाला फळे लोंबावीत तशी माणसे फाशी दिलेली त्यात आहेत. मी दुसऱ्यांदा पाहिले नाही.

झाडावरून आठवले. निकोलसच्या आयुष्याला वळण मिळाले ते एका झाडामुळेच. तो अठरा वर्षांचा होता. दिवस हिवाळ्याचे. तिकडे थंडीत झाडांची पाने पार झडून जातात, नुसते खराटे उभे राहतात. असे एक बोडके झाड पाहून त्याच्या मनात आले की थोड्याच दिवसांत याला पालवी फुटेल, मग फुले येतील, मग फळे लागतील. हे करणारा कोण आणि त्याची सत्ता केवढी, या विचाराने त्याचे मन भरून गेले. त्या दिवशी देवावर त्याचा जो जीव जडला तो पुढे कधी कमी झाला नाही, असे त्याने म्हातारपणी सांगितले. एवढेच. आकाशवाणी झाली नाही, उजेड पडला नाही. अशी झाडे आपण रस्त्याने जाताना रोज पाहतो.

देवाची ओढ लागली म्हणून तो लगेच साधू झाला असे मात्र नाही. गरिबाच्या पोराला त्या दिवसांत पोटाला अन्न मिळण्याची एक जागा म्हणजे फौज. निकोलस लोरेनच्या सरदाराच्या फौजेत शिपाई झाला. एकदा जर्मन सैन्याने त्याला पकडले आणि हेर समजून फाशी देण्याची धमकी दिली. मी हेर नाही, आणि माझ्या हातून असे काही घडले नसल्याने मरणाची मला भीती वाटत नाही, असे त्याने शांतपणे सांगितले. त्यांनी त्याला सोडून दिले. पुढे १६३५ साली स्वीडनच्या सैन्याने रांबेरव्हिये या गावावर हल्ला केला. त्या लढाईत तो जखमी झाला आणि आईबापांच्या घरी परत आला. वय एकवीसच्या आसपास.

अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने आपल्या शिपाईगिरीचा विचार केला असावा. बरा झाल्यावर त्याने फौजेचे नाव काढले नाही. एका सद्गृहस्थाबरोबर एकांतात राहून काही दिवस तपस्व्यासारखे काढून पाहिले. पण आज मन आनंदात तर उद्या उदास, आज भक्तीचा पूर तर उद्या कोरडे ठक्क. असे एकट्याने राहणे आपल्याला झेपणार नाही हे त्याने ओळखले आणि पॅरिस गाठले. तेथे राजाच्या खजिन्यावरील फ्यूबे नावाच्या एका मोठ्या अधिकाऱ्याकडे तो हुजऱ्या म्हणून राहिला. या नोकरीबद्दल त्याने स्वतःच पुढे कबूल केले आहे की मी मोठा धांदरट होतो, जे हाती घेई ते मोडी. मला हे ऐकून फार हसू आले आणि बरेही वाटले. संतांच्या चरित्रात फुटलेल्या कपबशा सहसा येत नाहीत.

पॅरिसमध्ये व्होजिरार रस्त्यावर कार्मेली साधूंचा मठ होता. कार्मेली म्हणजे कार्मेल डोंगरावरून नाव घेतलेला संन्यासी पंथ. स्पेनमधील आविला गावच्या संत तेरेसाबाईंनी १५६२ सालापासून त्या पंथात सुधारणा केली. त्यांचे अनुयायी साधी राहणी ठेवीत आणि जोडे न घालता वहाणा वापरीत, म्हणून त्यांना अनवाणी कार्मेली म्हणत. (याच पंथाचे साधू पुढे आपल्या मुंबईतही आले, १७२० पासून सव्वाशे वर्षांवर तेथील कॅथलिक मंडळीची देखरेख त्यांच्याकडे होती.) तेरेसाबाई मोठ्या व्यवहारी. स्वयंपाकघरात काम पडले तर खट्टू होऊ नका, प्रभू भांड्याकुंड्यांतही असतो, असे त्या आपल्या भगिनींना सांगत. निकोलसचा एक काका याच पंथात होता. १६४० साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, निकोलस या मठाच्या दारात जाऊन उभा राहिला.

आपण आत का गेलो याचे त्याने सांगितलेले कारण मोठे विलक्षण आहे. आपल्या हातून इतके नुकसान होते, इतके दोष आहेत, तर मठात आपल्याला चांगली शिक्षा होईल, सगळे सुख देवाला वाहून टाकावे लागेल, अशी त्याची समजूत होती. पण देवाने माझी फसवणूक केली, मला तेथे समाधानाखेरीज काही मिळालेच नाही, असे तो थट्टेने म्हणे.

मठात दोन तऱ्हेचे लोक असत. काही लॅटिन शिकलेले. ते धर्मगुरू होत, प्रवचन करीत, प्रार्थना गात. दुसरे सेवक-बंधू. त्यांनी लाकडे फोडावीत, पाणी भरावे, दार राखावे, रांधावे, शिवावे. व्रते दोघांचीही, पण मठाच्या कारभारात मत फक्त पहिल्यांना. निकोलस दुसऱ्यांत गेला. त्याला नवे नाव मिळाले, पुनरुत्थानाचे बंधू लॉरेन्स. १६४२ साली त्यांनी कायमची व्रते घेतली. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे ते सेवक-बंधूच राहिले. ते कधी धर्मगुरू झाले नाहीत, कधी व्यासपीठावर उभे राहिले नाहीत.

त्यांना काम मिळाले मुदपाकखान्याचे. भगिनींनो, त्यांना स्वयंपाकाची मुळीच आवड नव्हती. उलट त्यांना त्या कामाचा स्वभावतःच कंटाळा होता. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आवडीचे काम मन लावून करणारे पुष्कळ असतात. नावडते काम पंधरा वर्षे, तेही दुसऱ्यांनी नेमून दिले म्हणून, आणि चेहऱ्यावर आठी न आणता करायचे, हे काय असते ते आपल्याला कोणी सांगायला नको.

त्या मठाच्या स्वयंपाकाचा जरा विचार करून पाहा. चूल लाकडाची, धूर डोळ्यांत. नळ सोडला की पाणी असे नव्हते. साधूंना मांस वर्ज्य, आजाऱ्याला तेवढी सूट. म्हणजे मासळी, अंडी, कडधान्य, भाजी यांवर सगळी मदार. सप्टेंबरच्या १४ तारखेपासून ईस्टरपर्यंत उपासाचे दिवस. उपास म्हटले म्हणून स्वयंपाकघराला सुट्टी मिळत नाही हे आमच्या शेजारणींना ठाऊक आहे. एकादशीला साबुदाणा भिजवणारीला विचारावे. शिवाय घंटा झाली की सर्व मंडळी एकदम पंगतीला. एक हाक भाकरीसाठी, दुसरी पाण्यासाठी, तिसरी आजाऱ्याच्या पेजेसाठी. आणि मधे उभा हा धांदरट माणूस, ज्याच्या हातून सगळे मोडते.

या गडबडीत ते काय करीत ते त्यांनी पुढे सांगून ठेवले आहे. कामाला हात घालण्यापूर्वी ते देवाला म्हणत की, तू जवळ आहेस आणि आता मला या बाहेरच्या कामात लक्ष घालायचे आहे, तर तू माझ्याबरोबर राहा नि मदत कर. काम करताना मधून मधून त्याच्याशी मनातल्या मनात बोलत. काम संपल्यावर ते कसे झाले याची स्वतःशी झडती घेत. चांगले झाले असेल तर आभार मानीत, बिघडले असेल तर क्षमा मागत, आणि उगाच चुटपुटत न बसता पुढच्या कामाला लागत. चूक झाली तर ते देवाला म्हणत की मला माझ्यावर सोडलेस तर मी दुसरे काय करणार, सांभाळायचे तूच. मग तो विषय तेथे संपला. तव्यावरची अंड्याची पोळी ते उलटीत तीसुद्धा देवाच्या प्रीतीखातर. पोळी झाली आणि दुसरे काही काम नसले तर तेथेच गुडघे टेकीत. जमिनीवर पडलेली काडी उचलायची असेल तर तीही त्याच्याचसाठी. त्यामुळे पुढे पुढे त्यांना प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत फरक वाटेनासा झाला. गुडघ्यांवर असताना जी शांती, तीच चुलीपाशी. जनाबाईच्या जात्याला विठ्ठल हात लावी हे आपण सगळ्याजणी लहानपणापासून ऐकत आलो आहोत. धर्म वेगळा, देश वेगळा, काळ वेगळा. पण जनाबाईला बंधू लॉरेन्सांची गोष्ट कोणी समजावून सांगावी लागली नसती.

त्यांना पाहणारे लिहितात की ते कधी धावपळ करीत नसत, कधी रेंगाळतही नसत. एकामागून एक काम हाताखालून जाई आणि चेहरा तोच असे.

हे वाचताना मला वाटले की असा माणूस जन्मतःच शांत असणार. पण पुढचा भाग वेगळाच निघाला. मठातली पहिली दहा वर्षे त्यांनी फार त्रासात काढली. आपल्या जुन्या पापांची आठवण त्यांना सोडीना. आपण देवाला जवळचे समजतो हा अहंकार तर नाही, आपली फसगत तर होत नाही, असे वाटे. चार वर्षे तर आपला नाश ठरलेलाच आहे, कोणीही काही म्हणो, अशी त्यांची खात्री झाली होती. आता हीच वर्षे मुदपाकखान्याची. म्हणजे बाहेर भाजी चिरीत आहेत, पंगत वाढीत आहेत, आणि आत हा काळोख. कोणाला पत्ता नाही. शेवटी त्यांनी मनाशी ठरवले की आपले काय व्हायचे ते होवो, मी तर देवाच्या प्रीतीसाठीच आलो आहे, जिवंत आहे तोवर जे काही करीन ते त्याच्याचसाठी करीन. जन्मभर असेच कष्टी राहावे लागले तरी चालेल असे ठरवून ते मोकळे झाले. आणि मग एकाएकी मन निवले. ती निवांतता पुढे टिकली. चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या मनात काय चालले आहे हे वाढून घेणाऱ्याला कळत नाही, एवढे खरे.

आता त्यांच्या प्रवासाची गंमत सांगते. मठाला द्राक्षारस लागे. उपासनेला लागे आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे जेवणातही. तो खरेदी करायला १६६५ साली त्यांना ओव्हेर्न प्रांतात पाठवले, आणि १६६६ साली बर्गंडीला. व्यवहाराची अक्कल आपल्याला नाही हे त्यांना पक्के माहीत. त्यात पाय अधू झालेला. नावेत पिंपे रचलेली, उभे राहून चालता येईना, म्हणून ते पिंपांवरून लोळत लोळत इकडून तिकडे जात. मठाचे पैसे, मालाची पारख, भाव करणे, सगळी जोखीम अंगावर. पण त्यांनी देवाला सांगून टाकले की हे काम तुझे आहे. आणि खरेदी व्यवस्थित झाली. ती कशी झाली हे मात्र त्यांना सांगता आले नाही. बाजारातून घासाघीस करून येणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पटायला जरा कठीण आहे, पण पिंपांवरून लोळणारे ते वयस्क साधू माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

सुमारे पंधरा वर्षांनी मुदपाकखाना सुटला. पायाला व्रण झाला होता, तासन् तास उभे राहणे होईना. म्हणून त्यांना बसून करण्याचे काम दिले, मठातल्या मंडळींच्या वहाणा शिवण्या-सांधण्याचे. आधी सगळ्यांच्या पोटाची काळजी, नंतर सगळ्यांच्या पायांची. पण नवे काम लागले म्हणून जुन्या कामातून पुरती सुटका झाली नाही. गर्दीच्या दिवशी ते लंगडत चुलीपाशी मदतीला जात. आपल्याकडेही म्हातारी सासू काम सुनेवर सोपवते आणि सणाच्या दिवशी पुन्हा पदर खोचून येतेच की.

इतके सगळे आपल्याला कळले कसे, असे तुम्ही विचाराल. मलाही तो प्रश्न पडला. त्याचे असे झाले. पॅरिसमध्ये जोसेफ द बोफोर नावाचे एक विद्वान धर्मगुरू होते. त्यांनी या लंगड्या बंधूंविषयी ऐकले आणि १६६६ साली ऑगस्टच्या ३ तारखेला ते त्यांना प्रथम भेटले. मग आणखी भेटले. घरी जाऊन ऐकलेले टिपून ठेवू लागले. अशा चार भेटींची टिपणे आहेत, शेवटची १६६७ सालच्या नोव्हेंबरातली. हळूहळू दुसरीही माणसे येऊ लागली. थोरामोठ्यांपैकी फेनेलाँ हे त्यांना भेटले. हे फेनेलाँ पुढे आर्चबिशप झाले आणि फ्रान्सच्या राजाच्या नातवाचे शिक्षक होते. राजवाड्यातला पंडित वहाणा सांधणाऱ्यापाशी येऊन बसला. बंधू लॉरेन्स आजारी असताना ते गेले होते. वरून ओबडधोबड आणि आतून फार नाजूक मनाचा हा माणूस दुखण्यातही आनंदी होता, असे फेनेलाँ यांचे मत झाले.

काही भगिनी व काही गृहस्थ त्यांना पत्र लिहून सल्ला विचारीत. ते थोडक्यात उत्तर देत. त्यांची सोळा पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांतल्या एका पत्रात त्यांनी अट घातली आहे की हे पत्र कोणाला दाखवू नये. तुम्ही दाखवणार असे मला कळले तर तुमच्या भल्याची कितीही इच्छा असली तरी मी लिहिणार नाही, अशी ती अट. आता ते पत्र साऱ्या जगाने वाचले आहे आणि मीही ऐकले. ऐकताना मला थोडी चोरी केल्यासारखे वाटले.

इथे मला जरा वेगळे लिहायचे आहे. मंडळात काही भगिनींना आवडणार नाही, पण लिहिते. अशी चरित्रे सांगून बायकांना गप्प बसवण्याची एक रीत आहे. बघा, ते साधू कसे नाव न घेता राबले, मग तुम्ही का कुरकुर करता? बंधू लॉरेन्सांच्या गोष्टीचा असा उपयोग कोणी केला तर तो अन्याय आहे. ते आपण होऊन मठाच्या दारात गेले होते. त्यांनी दुसऱ्या कोणाला राबण्याचा उपदेश केलेला मला कोठे आढळला नाही. पाय दुखू लागला तेव्हा मठाने त्यांना बसायचे काम दिले, हेही त्याच चरित्रात आहे. किती घरांतून असे होते? आणि बोफोरसाहेबांसारखा एक तरी माणूस स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन, तुमचे कसे चालले आहे म्हणून विचारणारा निघाला. चांगल्या सेवकाने नाव मागू नये हे ठीक. पण जेवणाऱ्याने विचारू नये असे कोठे लिहिले आहे? सासूबाईंशी मी हे बोलले तेव्हा त्या म्हणाल्या, दोन्ही खरे. मग थोडे थांबून म्हणाल्या की त्यांनी स्वतः चाळीस वर्षे देवळातल्या प्रभुभोजनाचे कापड धुतले, इस्त्री केले. मला हे ठाऊक नव्हते. एकाच घरात राहून ठाऊक नव्हते. मला वाटे ते आपले देवळातूनच धुऊन येत असेल.

असो. शेवटच्या काही वर्षांत बंधू लॉरेन्सांना दुखण्यांनी घेरले. दुखणे काढून टाक अशी प्रार्थना ते करीत नसत, सोसायचे बळ मागत. आजारी असलेल्या एका भगिनीलाही त्यांनी पत्रातून तेच सांगितले. १६९१ सालच्या फेब्रुवारीत त्यांनी अंथरूण धरले. आपण आता काय करीत आहात असे कोणी विचारले, तर जे पुढे अनंतकाळ करायचे आहे तेच करतो आहे, देवाची स्तुती नि त्याच्यावर प्रीती, असे त्यांनी उत्तर दिले. फेब्रुवारीच्या १२ तारखेला सकाळी त्यांनी देह ठेवला. वय सत्त्याहत्तरच्या सुमारास. त्यांच्यामागे घरदार नव्हते, पैसा नव्हता.

बोफोर यांनी जपून ठेवलेली टिपणे आणि पत्रे १६९२ व १६९४ साली छापून काढली. पण पुस्तकाचे नशीबही साधे नव्हते. फ्रान्समध्ये थोड्याच वर्षांत प्रार्थनेच्या मार्गावरून मोठमोठ्या बिशपांत कडाक्याचा वाद झाला, त्यात फेनेलाँ एका बाजूला होते. त्यांनी या स्वयंपाकी बंधूंचा दाखला दिला. १६९९ साली पोपसाहेबांनी फेनेलाँ यांच्या पुस्तकातील काही मते अमान्य केली, आणि मग त्यांच्या बाजूचे म्हणून या लहानशा पुस्तकाकडेही तिकडचे लोक संशयाने पाहू लागले. मोठ्यांच्या भांडणात धाकट्याचे ताट लवंडले. पण प्रॉटेस्टंट लोकांनी ते उचलून धरले. इंग्रजीत त्याचे भाषांतर झाले. मेथडिस्ट मंडळीचे जॉन वेस्ली यांनी अठराव्या शतकात आपल्या ग्रंथमालेत त्याला स्थान दिले. अशा रीतीने कॅथलिक मठातल्या स्वयंपाक्याचे बोलणे दुसऱ्या पंथाच्या घराघरांतून वाचले गेले, आणि पुढे कॅथलिक मंडळींनीही ते पुन्हा जवळ केले. आज जगातल्या अनेक भाषांत ते पुस्तक आहे. त्यांना छळणाऱ्या शंका, त्यांची अंड्याची पोळी आणि ती पिंपे सगळी त्यात आहेत.

व्होजिरार रस्त्यावरच्या त्या मठाने पुढे भयंकर दिवस पाहिले. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली तेव्हा मठाचा तुरुंग केला होता आणि १७९२ सालच्या सप्टेंबरच्या २ तारखेला तेथे शंभरावर धर्मगुरूंची कत्तल झाली. मठाचे संत योसेफाच्या नावाचे देऊळ मात्र अजून उभे आहे, आणि त्या आवारात आता कॅथलिक विद्यापीठ आहे. रोज शेकडो मुले-मुली तेथे शिकायला येतात.

आपल्या वर्धापनदिनाच्या भोजनाचे काम यंदाही आम्हा पाचजणींकडे आले आहे. सासूबाई वाटाणे सोलायला येणार आहेत, त्यांना खुर्ची लागेल हे मी आधीच सांगून ठेवले आहे. शंभर माणसांची भाजी आहे. लेख देण्याची मुदत उद्याची, आणि तांदूळ अजून निवडायचे आहेत.